कळण्याची भाकरी आणि आमच्या वहीतली एक ओळ : वृद्धाश्रमातला एक प्रकरण अभ्यास

मी पुण्याच्या वेशीवरच्या एका वृद्धाश्रमात समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. ज्येष्ठांची देखभाल करणाऱ्या सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. ओळख कळू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत आणि नावं घेतलेली नाहीत. आमच्याकडे राहणाऱ्या बायकांना सगळे 'आजी' म्हणतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांना 'मावशी'. इथेही तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

आजी ७८ वर्षांच्या, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्याच्या. सगळं आयुष्य केळीच्या आणि कापसाच्या शेतात गेलेलं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर पुण्याला मुलाकडे आल्या. तिथे बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. त्यातच मुलाला कंपनीनं दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं आणि सून-नातू बरोबर गेले. गावचं घर बंद, भाऊबंद आहेत पण पडलेल्या म्हातारीला उठवून बसवणारं कुणी नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, श्रावणात, आजी आमच्याकडे आल्या. रक्तदाबाची एक गोळी चालू होती, साखर नव्हती, तोंडात कवळी. वजन ४७ किलो.

दाखल करताना आम्ही एक फॉर्म भरून घेतो. त्यात 'आवडणारे पदार्थ' आणि 'न आवडणारे पदार्थ' असे दोन रकाने होते. मुलगा घाईत होता, व्हिसाची कामं चालू होती. पहिला रकाना त्यानं रिकामा ठेवला. दुसऱ्यात लिहिलं : वांगं, कांदा, लसूण. ती ओळ मी स्वयंपाकघराच्या वहीत उतरवली. त्या दिवसापासून वांग्याची भाजी असली की आजींसाठी वेगळा दुधी शिजायचा. आम्ही त्यांची काळजी घेतो आहोत, असंच मला मनापासून वाटत होतं.

मावशी वय वर्षं ३४, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्याच्या. नवरा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार, दोन मुलं शाळेत. त्या सप्टेंबरअखेर कामाला लागल्या. बहुतेक रात्रपाळी, तीही दुसऱ्या इमारतीत. नोव्हेंबरपर्यंत त्यांनी आजींना पाहिलंसुद्धा नव्हतं.

अडचण

सप्टेंबरमध्ये आजींचं वजन ४५.६ किलो भरलं, ऑक्टोबरमध्ये ४४.३ आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ४३.२. म्हातारपणी तीन महिन्यांत साडेसात टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती गंभीर खूण मानतात. आजींचं आठ टक्के उतरलं होतं.

डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, बाकी थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत सगळं ठीक. वजन घटल्यामुळे हिरड्या बसल्या, कवळी सैल झाली, त्यामुळे खाणं आणखी कमी झालं. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं फार अवघड जातं.

बोलणंही आटत चाललं होतं. सकाळी 'बरं हाय', संध्याकाळी 'बरं हाय'. बाकी दिवसभर खिडकीशी. वृद्धांमधलं नैराश्य जोखायची १५ प्रश्नांची चाचणी मी घेतली. आयुष्य रिकामं वाटतं का, कंटाळा येतो का, असे प्रश्न मी माझ्या पुणेरी पुस्तकी मराठीत विचारले. आजी प्रत्येक प्रश्नाला थोडं थांबून, पाहुण्याला द्यावं तसं उत्तर देत होत्या. गुण आले चार. पाच किंवा जास्त आले तरच पुढे पाहायचं असतं, म्हणून कागदावर आजी ठीक होत्या. खोलीतून बाहेर पडताना मला ते खरं वाटत नव्हतं. तरीही मी आकडा लिहिला आणि फाइल बंद केली.

आधी काय करून पाहिलं

डॉक्टरांनी दुधातून घ्यायची प्रथिनांची पावडर दिली. आजी अर्धा पेला पीत, उरलेला तसाच. मुलाचे व्हिडिओ कॉल आठवड्याला एकाचे तीन केले. आजी पडद्यावरच्या नातवाकडे बघत राहत आणि फोन ठेवला की आणखी गप्प होत.

दसऱ्याच्या आठवड्यात मी एका खान्देशी खाणावळीतून थाळी मागवली. शेवभाजी, भरीत, ठेचा, पुऱ्या. मला फार आशा होती. आजींनी ताटाकडे पाहिलं, एक पुरी कोरडीच खाल्ली आणि ताट हळूच पुढे सरकवलं. मी वहीत लिहिलं, 'गावाकडच्या जेवणाचाही उपयोग नाही.' आज ते वाक्य वाचताना मला वाईट वाटतं. त्या ताटातल्या एकूण एक भाजीत कांदा-लसूण होता आणि मधोमध भरीत. आजींना ते खाता येणार नव्हतं, आणि का ते मी विचारलंच नव्हतं.

ती रात्र

दिवाळी संपून दोन-तीन दिवस झाले होते. एक मावशी रजेवर गेल्यानं शिरपूरच्या मावशींना आजींच्या इमारतीत रात्रपाळी लागली. साडेनऊला सगळ्यांना गोळ्या देऊन झाल्यावर त्या व्हरांड्यात डबा उघडून बसल्या. डब्यात कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्चं तेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद एकत्र करून, त्यातच मीठ घालून दळलेलं पीठ. त्याची भाकरी करड्या रंगाची होते आणि उडदामुळे तिला एक भाजका, किंचित उग्र वास असतो. पीठ चिकट असल्यानं ती नुसत्या ज्वारीच्या भाकरीइतकी कोरडी पडत नाही. गार झाली तरी ती वातड होत नाही.

तो वास खोलीत गेला. तीन महिने कुणी हाक मारल्याशिवाय न उठलेल्या आजी वॉकर घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "कळणं कोठून आनलं व पोरी?"

मावशी उठून उभ्या राहिल्या. गावाहून दिवाळीत आणलं, म्हणाल्या. आमच्याकडे नियम आहे : कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या डब्यातलं राहणाऱ्यांना द्यायचं नाही. मावशींना तो माहीत होता. तरी त्यांनी चतकोर भाकरी मोडून आजींच्या हातावर ठेवली आणि वर ठेचा घालायला गेल्या. आजींनी हात मागे घेतला.

"लसून हाये त्याच्यात. मले नई चालत."

इथे माझ्यासारखी बाई 'बरं, नावडतं वाटतं' म्हणून गप्प बसली असती. मावशींनी लगेच विचारलं, "माय, तू चातुर्मास पाळस का?"

आजी चातुर्मास पाळत होत्या. आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-लसणाचं शेवटचं खाऊन घेतलं की कार्तिकी एकादशीपर्यंत बंद. वांगं त्याच्याही पुढे, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवीपर्यंत. लग्न होऊन आल्यापासून साठ वर्षं हा नेम. वांगं नावडणं सोडाच, भरिताच्या वांग्यांसाठी जो पट्टा ओळखला जातो तिथल्याच त्या होत्या.

मावशींनी ठेचा बाजूला ठेवला, डब्यातलं तेल भाकरीवर ओतलं आणि मीठ शिंपडलं. आजींनी चतकोर खाल्ली, मग आणखी चतकोर. आणि मग म्हणाल्या की कळणं चुकलं आहे, याच्यात बाजरी आहे. मावशी म्हणाल्या, आमच्याकडे ज्वारीत थोडी बाजरी घालतातच. आजी म्हणाल्या, मग ते कळणं नव्हे. रात्री साडेदहापर्यंत या विषयावर दोघींचं चाललं होतं.

पहिला निर्णय : नियम मोडला त्याचं काय

सकाळी मावशी स्वतःहून माझ्याकडे आल्या. हात थरथरत होते. नोकरी जाईल अशी भीती होती. आमच्या व्यवस्थापकांचं म्हणणं होतं की लेखी ताकीद द्यावी, नाहीतर उद्या कुणीही कुणालाही काहीही देईल. त्यात तथ्य होतं. हा नियम उगाच झालेला नाही. आमच्याकडे मधुमेही आहेत, गिळायला त्रास होणारे आहेत. सैल कवळी असलेल्या बाईला रात्री एकटीनं कोरडी भाकरी देणं धोक्याचंच होतं. घशात घास अडकला असता तर?

पण तीन महिन्यांत जे कुणाला जमलं नव्हतं ते त्या रात्री झालं होतं. मी दोन गोष्टी केल्या. घटना जशी घडली तशी लिहून काढली, त्यात मावशींचा प्रामाणिकपणाही लिहिला, आणि ताकीद न देता त्याच दिवशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांना बसवलं. नियम तसाच ठेवला. एखाद्याला काही द्यावंसं वाटलं तर आधी परिचारिकेला विचारायचं, एवढी एक वाट त्यात ठेवली.

आहारतज्ज्ञ बाईंनी कळण्याचं कौतुकच केलं. १०० ग्रॅम उडदात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत १० च्या आसपास. धान्याच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळ-कडधान्य भरून काढतं. पावडर देऊन आम्ही जे साधू पाहत होतो त्यातलं बरंचसं त्या भाकरीत होतं. मूत्रपिंडं चांगली असल्यानं उडदाची अडचण नव्हती. रक्तदाबामुळे दळणात मीठ निम्मं करायचं आणि कवळी नीट बसवून होईपर्यंत भाकरी गरम आमटीत किंवा दुधात कुस्करूनच द्यायची, या दोन अटी पडल्या.

समोर असलेले पर्याय

एक, स्वयंपाकघरानं आठवड्यातून तीनदा कळण्याची भाकरी करून आजींना द्यायची. सोपा मार्ग. पण भाकरी ताटात येणार आणि आजी पुन्हा खिडकीशी बसणार.

दोन, नैराश्याचं औषध सुरू करायचं. डॉक्टर म्हणाले की चार आठवडे थांबू, वजन आणि बोलणं बघू, नाहीतर सुरू करू. ही मुदत ठरवून घेतली ते बरं झालं. भाकरीनं माणूस बोलायला लागला म्हणजे आजार नाहीच, असं समजून चालत नाही.

तीन, जळगावकडच्या एखाद्या वृद्धाश्रमात हलवायचं. मुलानं फोनवर हाच प्रस्ताव ठेवला. आजींनाच विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं ओळखीचे लोक भेटाले येतील." मला वाटलं त्यांना हवं आहे. मावशींनी दुरुस्ती केली : आजींना ओळखीच्या लोकांनी वृद्धाश्रमात पाहायला नको आहे. परक्या गावात राहणं त्यांनी स्वतः निवडलं होतं. हे मला कधीच कळलं नसतं.

चार, आजींना शिजवू द्यायचं, निदान शिकवू द्यायचं. मावशींबरोबर, ठरवून दिलेल्या वेळेत. यात धोके सगळ्यात जास्त होते : विस्तव, चाकू, ओल्या फरशीवर वॉकर, आणि इतर आज्यांना वाटणारा पक्षपात.

आम्ही चौथा पर्याय घेतला. कारण त्या रात्री आजींना जाग आली ती नुसत्या भाकरीनं नाही. भाकरी चुकली आहे, असं सांगायला त्यांना कुणीतरी मिळालं होतं. त्यांचं बरोबर आणि आपलं चूक असू शकतं, असं मानणारी ती आश्रमातली पहिली व्यक्ती होती. आम्ही बाकी सगळे त्यांना काय हवं ते आपणच ठरवून देत होतो.

प्रत्यक्ष काय केलं

सुरुवात दळणापासून झाली. आजींनी प्रमाण सांगितलं : चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद, उडीद अख्खे आणि काळे. बाजरी नाही. जवळच्या गिरणीवाल्यानं दळायला नकार दिला. उडदाचं पीठ जात्याला धरून राहतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात वास उतरतो, हे त्याचं म्हणणं खरं होतं. मावशींनी त्याला रात्री गिरणी बंद करायच्या आधीची, साफसफाईपूर्वीची वेळ मागितली. तो तयार झाला.

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा, स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्याजवळ आजींची हात असलेली खुर्ची ठेवली. भाकरी मावशी थापायच्या, आजी बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मावशींची तीन पिठं परत मळायला लावली. चौथ्यांदा स्वतः परातीत हात घातला. मळताना त्यांचा श्वास भरून येत होता, मी थांबवायला पुढे झाले, तर परिचारिकेनं मला मागे ओढलं. तिनं नाडी बघितली होती.

कार्तिकी एकादशी झाली आणि ठेचा आला. चंपाषष्ठीला साधारण २५ दिवस होते. आजी रोज तिथी विचारायच्या. त्यांना दिनदर्शिका आणून दिली तेव्हा त्यांनी त्या दिवसाला काजळानं टिकली लावली.

भरिताबद्दल दोघींचं एकमत होतं फक्त एका गोष्टीवर : पुण्याच्या मंडईतलं जांभळं वांगं चालणार नाही, बी फार. हवं ते जळगावकडचं हिरवं-पांढरट, गराचं, अंगानं मोठं. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी तिकडे प्रसिद्ध आहेत आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मावशींच्या नात्यातल्या एकानं जळगावहून रात्रीच्या बसमध्ये पाच किलोची पिशवी टाकली. सकाळी सहाला ती उतरवून घ्यायला मावशी रात्रपाळी संपवून परस्पर गेल्या.

भाजायला गॅस नको, तुराट्या हव्यात. आमच्या माळीकाकांनी आपल्या शेतातून तुरीच्या वाळक्या काड्यांची मोळी आणली. धुराचा प्रश्न होता, दोन जणांना दम्याचा त्रास आहे. म्हणून वारा पाहून मागच्या मोकळ्या जागेत सकाळी लवकर विस्तव केला, त्या दोघांना पुढच्या इमारतीत नाश्त्याला बसवलं आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवल्या.

आजींनी प्रत्येक वांग्याला तेलाचा हात फिरवला आणि सुरीच्या टोकानं दोन-तीन ठिकाणी टोचलं, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. देठ ठेवले. वांगी काळी पडून मऊ झाली, देठाजवळ रस सुटला, तशी सालं काढायला घेतली. मावशींनी हात भाजू नये म्हणून पाण्याचं भांडं आणलं. आजींनी ते दूर करायला लावलं. पाण्यात बुडवलं की धुराची चव जाते. त्यांनी बोटांच्या टोकांनी, फुंकर मारत, पट्ट्या ओढत सालं काढली. त्या बोटांना कित्येक महिन्यांत कुणी काही काम दिलेलं नव्हतं. एकही काळा कण गराला राहू दिला नाही.

कुटायला बडगी हवी. खान्देशात भरीत लाकडी बडगीत कुटतात. आमच्याकडे दगडी खल होता, तो त्यांनी नाकारला. मावशींनी घरून काठवट आणली आणि माळीकाकांनी कडुनिंबाची जाड फांदी तासून, धुऊन दिली. भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी, मग गर. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे पातळ काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही. मावशी म्हणाल्या, आम्ही थोडे तिळ घालतो. आजी म्हणाल्या, "घाल. एका वाडग्यात तुह्यावालं कर." महिनाभरात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्या पद्धतीला जागा दिली.

एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. 'दोघी खान्देशी' म्हणून आम्ही खूश होतो, पण दोघींची बोली एक नाही. मावशींची अहिराणी, आजींची तावडी. एकीचं 'माले', दुसरीचं 'मले'. एकीचं 'शे', दुसरीचं 'हाये'. त्या एकमेकींच्या बोलीची नक्कल करून हसायच्या. एकाच गावच्या असत्या तर कुळं-नाती निघाली असती, आजी सावध झाल्या असत्या. थोडं अंतर होतं म्हणूनच मोकळीक होती, असं माझं मत आहे.

काय झालं

चंपाषष्ठीला नैवेद्य दाखवून आजींनी दीड भाकरी आणि दोन वेळा भरीत खाल्लं. जानेवारीअखेर वजन ४५.१ किलो झालं. कवळी नव्यानं बसवली. चार आठवड्यांनी डॉक्टरांनी औषध सुरू करायची गरज नाही असं ठरवलं. मी ती १५ प्रश्नांची चाचणी पुन्हा घेतली, या वेळी मावशींना शेजारी बसवून, त्यांच्या तोंडून प्रश्न विचारून. गुण आले सहा. म्हणजे आकडा वाढला. नोव्हेंबरमध्ये खरं किती असेल याचा अंदाज मला तेव्हा आला. या वेळी आजी खरं बोलत होत्या : रात्री झोप लागत नाही, यजमानांची आठवण येते, मुलगा परत येईल की नाही याची धास्ती वाटते. त्यावर पुढे समुपदेशन सुरू झालं आणि ते अजून चालू आहे.

सगळंच गोड झालं नाही. रत्नागिरीकडच्या एका आजींनी मला अडवून विचारलं, "तिला भाकरी करून मिळते, मग मला घावन कुणी करायचे?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही एका बाईकडे इतकं लक्ष दिलं आणि शेजारच्या खाटेवर काय चाललं आहे ते पाहिलं नाही. फेब्रुवारीपासून मागच्या ओट्यावरची एक सकाळ त्यांच्यासाठी ठेवली.

मार्चमध्ये मावशींच्या नवऱ्याचं कंत्राट संपलं, त्याला नाशिकला काम मिळालं आणि त्या दहा दिवसांत नोकरी सोडून गेल्या. आजींनी पाच दिवस भाकरीला हात लावला नाही. फक्त चहा-बिस्किटं. सहाव्या दिवशी मावशींचा फोन आला आणि त्यांनी फोनवर आजींना सांगितलं की स्वयंपाकघरातल्या बीडच्या बाईंना कळणं येत नाही, पीठ तिंबताना फाटतं, तुम्ही दाखवा. बीडच्या बाईंना ज्वारीची भाकरी माझ्या माहितीतल्या कुणाहीपेक्षा चांगली येते. पण त्यांनी मान डोलावली आणि आजींच्या पुढ्यात परात ठेवली.

वेगळं काय करता आलं असतं

फॉर्ममधला रकाना चुकीचा होता. 'न आवडणारे' असं विचारलं की नेम, उपास, सोवळं, दातांची अडचण, पथ्य हे सगळं नावडीत जमा होतं. आता आम्ही विचारतो : काय खात नाही, का, आणि कधीपर्यंत? हे मुलाला न विचारता त्या व्यक्तीलाच विचारतो, शक्य असेल तर त्यांची बोली कळणाऱ्या कुणाला तरी बरोबर घेऊन. तीन महिने आणि जवळजवळ चार किलो वजन या एका प्रश्नानं वाचलं असतं. आमच्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या आणखी तिघी होत्या. त्यांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून न सांगणारीही पाळत असेल हे आम्हाला सुचलं नाही. आजींना नंतर विचारलं, का नाही सांगितलं? "परक्याच्या घरी असं मागत नई," एवढंच म्हणाल्या.

थाळीच्या दिवशी ताट सरकवल्यावर मी त्यांच्याजवळ बसून एक प्रश्न विचारायला हवा होता. मी वहीकडे गेले.

मावशींच्या बाबतीत माझी चूक जास्त गंभीर आहे. गिरणीचे पैसे, वांग्यांच्या पिशवीचं बसभाडं, काठवट, रात्रपाळीनंतरचे तास, हे सगळं डिसेंबरपर्यंत त्यांनी पदरचं केलं. मी त्याला माया म्हणत राहिले आणि हिशेब विचारला नाही. रोजंदारीवर घर चालवणाऱ्या बाईची माया ही आश्रमाच्या खर्चातली बचत होता कामा नये. जानेवारीत ते पैसे परत दिले आणि तो वेळ कामाच्या तासांत धरला, पण हे पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं.

आणि सगळा भार एकाच माणसावर होता. डिसेंबरमध्येच बीडच्या बाईंना त्या ओट्यावर बसवलं असतं तर मार्चचे ते पाच दिवस कदाचित टळले असते. माझ्या सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. त्यांना वाटतं, तिसरं माणूस आधीच आणलं असतं तर दोघींचं जमलंच नसतं. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

मावशी गेल्यानंतर

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी त्या दिवशी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. मावशींची आई लहानपणीच गेलेली. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या नाशिकहून मुलांना घेऊन सकाळच्या गाडीनं आल्या आणि थेट आजींच्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमरस केला. आजींना खापरावरचे मांडे हवे होते, उलट्या खापरावर भाजलेले, हातांवर पसरून फडक्यासारखे पातळ केलेले. आमच्याकडे खापर नव्हतं. तव्यावरच्या पुरणपोळ्या झाल्या. आजींनी एक पोळी उजेडाकडे धरून पाहिली आणि जाड आहे म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, पुढच्या वर्षी खापर घेऊन येते.

निघताना आजींनी उशीखालून एक पुडकं काढलं. हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या. त्या मीच बाजारातून आणून दिल्या होत्या, कुणासाठी ते विचारलं नव्हतं. मावशींनी तिथेच खाटेवर बसून भरल्या. एकही सैल झाली नाही, एकही अडली नाही. माप आजींनी मला फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, दोन-सहा.